घडी तीच, कागद वेगळा



आज एक सरळ प्रश्न विचारते. वर्गात किंवा घरी मूल कागदाची घडी घालत असतं. ती तिरकी पडते. तेव्हा आपल्या तोंडून काय निघतं? "दे इकडे." बरोबर ना? कागद मुलाच्या हातातून आपल्या हातात येतो. आपण झटकन घडी सरळ करतो, नखाने दाबतो आणि परत देतो. "हं, आता पुढची घाल."

मी एकवीस वर्षं कांजूरमार्गच्या एका शाळेत शिकवते आहे. हे 'दे इकडे' मी किती वेळा म्हटलं असेल याची गणतीच नाही. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंच नव्हतं. उलट मदत केल्याचं समाधान वाटायचं. ते खटकायला मला थेट न्यू जर्सीला जावं लागलं. तिथे मी कागदकामाचे चार वर्ग घेतले. शिकवायला म्हणून गेले आणि स्वतःच्या हाताची सवय ओळखून परत आले. त्याबद्दल हा लेख.

निमंत्रण कसं आलं?

माझी धाकटी बहीण तिकडे राहते. मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेले होते. तिची मुलगी रविवारच्या मराठी शाळेत जाते. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची 'बृहन्महाराष्ट्र मंडळ' ही मोठी संस्था १९८१ साली स्थापन झाली. तिच्या पुढाकाराने आता तिथल्या अनेक गावांत अशा मराठी शाळा भरतात. शिकवणारे बहुतेक पालकच असतात, आठवडाभर नोकरी करून सुट्टीच्या दिवशी वर्ग घेणारे. त्यातल्या एका ताईंनी विचारलं, "मावशी, आमच्या मुलांना हाताने काहीतरी करायला शिकवाल का?"

मी कशाला नाही म्हणतेय! तिथे दोन रविवार घेतले. मग कोणीतरी शब्द टाकला आणि बहिणीच्या घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयात दोन शनिवार मिळाले. मराठी शाळेत सगळी आपली मुलं. वाचनालयात मात्र सगळ्या जगाची.

मुंबईहून निघताना बॅगेत घोटीव कागद आणि पतंगाचे कागद भरले होते. साधे पांढरे कागद नेले नाहीत. म्हटलं, ते काय कुठेही मिळतात. तिथेच फसले.

आजोबांची टोपी, नातवाची टोपी

माझा एक आवडता पाठ आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल. ए-फोर कागद मध्ये दुमडायचा, वरचे दोन कोपरे मध्यरेषेवर आणायचे, खाली उरलेली पट्टी दोन्ही बाजूंनी वर दुमडायची. झाली टोपी. ही आजोबांची. मग दुसरा कागद अर्धा कापायचा आणि त्याची तशीच टोपी करायची. ही नातवाची. दोन्ही टोप्यांचा आकार हुबेहूब सारखा, फक्त माप लहान. मुलांना फार गंमत वाटते. पुढे त्याच टोप्यांच्या होड्या होतात. साधी होडी, नांगरहोडी, शिडाची होडी असं करत करत पावसाळा सरतो.

पहिल्याच रविवारी हाच पाठ घेतला. टोप्या झाल्या. मी फळ्यापाशी उभी राहून ऐटीत विचारलं, "काय दिसतंय? दोन्ही सारख्या आहेत की नाही?"

वर्ग गप्प. मग नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "मावशी, सारख्या नाहीत. नातवाच्या टोपीची पट्टी आजोबांच्या पट्टीपेक्षा मोठी आहे."

बघते तर खरंच! लहान टोपीला रुंद पट्टी आणि मोठ्या टोपीला अरुंद. मी गोंधळले आणि पटकन बोलून गेले, "अगं, हा कागदच चुकीचा आहे."

ती शांतपणे म्हणाली, "चुकीचा नाहीये. हा आमचा कागद आहे."

हे उत्तर माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

आता गणित बघू या, कारण तेही वर्गात उपयोगी पडेल. आपला ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब असतो. हे माप जर्मनीत १९२२ साली प्रमाण म्हणून ठरलं आणि पुढे बहुतेक जगाने घेतलं. त्याची खुबी अशी की कागद अर्धा केला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. अमेरिकेत मात्र साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच लांब असा कागद वापरतात, म्हणजे साधारण २१६ बाय २७९ मिलिमीटर. तो अर्धा केला की प्रमाण बदलतं.

टोपीची पट्टी किती रुंद येणार हे आधीच काढता येतं. लांबीतून रुंदी वजा करा आणि उत्तर निम्मं करा. ए-फोरची पट्टी येते साडेत्रेचाळीस मिलिमीटर, त्याच्या अर्ध्या कागदाची एकतीस. लहान टोपीला लहान पट्टी, सगळं जिथल्या तिथे. अमेरिकन कागदाची येते सुमारे साडेएकतीस आणि त्याच्या अर्ध्याची अडतीस. म्हणून नातवाची पट्टी आजोबांपेक्षा मोठी!

इतकी वर्षं मी हा पाठ घेतला, पण टोप्या सारख्या का होतात हे कधी कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सगळं जुळत होतं ना, मग प्रश्न कशाला पडेल? कागद बदलला, जुळेनासं झालं, तेव्हा प्रश्न पडला. परक्या देशात गेल्यावर जे जे 'चुकीचं' वाटतं, त्यातलं बरंचसं असंच असतं. ते चुकीचं नसतं, त्यांचं असतं. आणि त्याच्यामुळे आपलं आपल्याला नीट दिसायला लागतं.

"अजून माझं चाललंय"

आता त्या 'दे इकडे'कडे येते.

वाचनालयातल्या पहिल्या शनिवारी सहा वर्षांचा एक मुलगा होडी करत होता. टोपीचे दोन कोपरे धरून ती उघडायची आणि चौकोन करायचा, ही पायरी सगळ्याच मुलांना अवघड जाते. त्याचा कागद चुरगळत होता. मी नेहमीसारखा हात पुढे केला. त्याने कागद छातीशी धरला आणि इंग्रजीत म्हणाला, "अजून माझं चाललंय."

उद्धटपणा अजिबात नव्हता त्यात. आपण जसं सांगतो ना, की थांबा, माझं जेवण व्हायचंय, तसं. मी हात मागे घेतला. नंतर तिथल्या ग्रंथपाल बाईंनी हळूच सांगितलं, "आम्ही आधी विचारतो, मदत हवी का म्हणून. हो म्हटलं तरच हात लावतो."

खरं सांगू? पहिल्यांदा मला रागच आला. मनात म्हटलं, एवढ्याशा कागदाचं काय घेऊन बसलेत! मी काय परकी आहे का त्याला? मग लक्षात आलं, हो, मी परकीच होते. पण आपल्या वर्गातल्या मुलांना मी परकी नाही म्हणून त्यांचा कागद माझा होतो का?

त्या मुलाची होडी शेवटी झाली. एका बाजूला कललेली, तळाला फाटलेली. त्याने तिच्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि सगळ्यांना दाखवत फिरला. मी घडी सरळ करून दिली असती तर होडी नक्कीच छान झाली असती. पण तिच्यावर नाव कोणाचं लिहायला हवं होतं, हा प्रश्न मला रात्री झोपताना पडला.

तिकडचं सगळंच चांगलं, असं नाही

आता कोणी म्हणेल, आल्या बाई परदेशातून, आता तिकडची स्तुती सुरू. तसं नाही. त्याच वर्गात दुसरी एक गोष्ट मला खटकली. एक मुलगी अडली होती. हात वर करून बराच वेळ नुसती बसून राहिली. शेजारच्या मुलाची होडी तयार होती, पण तिने मान वळवून बघितलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. प्रत्येक जण आपल्या टेबलाशी, आपल्या कागदाशी.

आपल्या वर्गात असं होतं का कधी? चौथीच्या वर्गात एकाला बंब जमला की दोन मिनिटांत मागच्या बाकापर्यंत बातमी जाते. "ए, इकडे बघ, असं नाही, असं!" आपण ओरडतो, "गप्प बसा, आपापलं करा." पण खरं शिकणं त्या गोंगाटातच चाललेलं असतं.

दुसऱ्या शनिवारी मी विनंती केली की टेबलं बाजूला करू आणि जमिनीवर गोल बसू. मुलं खूश. ज्याला जमेल त्याने शेजाऱ्याला तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही. त्यांचा नियम आणि आपली बैठक, दोन्ही एकत्र. तो माझा सगळ्यात चांगला वर्ग झाला. जाताना ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी आम्हीही जमिनीवरच बसवू."

देवाणघेवाण म्हणतात ती हीच. त्यांनी मला हात मागे घ्यायला शिकवलं, मी त्यांना मांडी घालायला शिकवली.

कागद नेहमी दोन्ही बाजूंनी प्रवास करतो

असं माझ्या एकटीच्याच बाबतीत झालं असंही नाही. कागदकामाचा इतिहास बघितला तर तो सगळाच असा जाण्या-येण्याचा आहे. 'कागद' हा शब्दच आपल्याकडे फारसीतून आला. कागद बनवण्याची विद्या चीनमधून निघाली आणि देशोदेशी फिरत आपल्याकडे पोचली. एकेकाळी जुन्नर आणि दौलताबाद इथला हातकागद महाराष्ट्रात नावाजलेला होता. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आजही आहे.

जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने लहान मुलांसाठी शाळा काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, असं नाव दिलं. तिथे मुलांना कागदाच्या घड्या घालायला, कागदी पट्ट्यांची चटई विणायला देत. आपल्या बालवाडीतली चटई तिथूनच आली. पुढे १८७६ साली तोकियोत बालवाडी निघाली तेव्हा फ्रोबेलच्या घड्या जपानला गेल्या आणि तिथल्या जुन्या घड्यांमध्ये मिसळल्या. आपण ज्याला शुद्ध जपानी ओरिगामी समजतो, तिच्यातही थोडं जर्मन पाणी आहे.

तीच फ्रोबेलची कल्पना मद्रास इलाख्यातही पोचली. टी. सुंदर राव नावाचे एक सरकारी अधिकारी होते. बालवाडीतल्या घडीकामावरून त्यांना सुचलं की सगळी भूमिती घड्यांमधून शिकवता येईल. १८९३ साली त्यांनी मद्रासमध्ये यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. फेलिक्स क्लाइन या मोठ्या जर्मन गणितज्ञाने त्याची दखल घेतली आणि १९०१ साली शिकागोत त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. बघा म्हणजे, जर्मनीची कल्पना भारतात आली, इथे मोठी झाली आणि अमेरिकेत शिकवायला गेली. सुंदर राव यांचं नाव आपल्या किती गणिताच्या शिक्षकांना माहीत आहे?

जपानचे अकिरा योशिझावा (१९११–२००५) तरुणपणी कारखान्यात काम करायचे आणि नवख्या कामगारांना भूमिती समजावी म्हणून घड्या घालून दाखवायचे. १९५५ साली ॲमस्टरडॅमला त्यांच्या कागदी शिल्पांचं प्रदर्शन झालं. नंतर त्यांनी अनेक देशांत जाऊन ही कला शिकवली. त्यांचं मोठं काम म्हणजे तुटक रेषा आणि बाणांची खूणभाषा. आज ओरिगामीचं जपानी पुस्तक जपानी न येणारा माणूसही उघडून घड्या घालू शकतो, तो त्या खुणांच्या जोरावर.

आणि आपल्या मराठीत डॉ. अनिल अवचट होऊन गेले. व्यसनमुक्तीचं एवढं मोठं काम करणारा हा माणूस कागदाच्या घड्यांमध्ये रमायचा. 'मजेदार ओरिगामी' हे त्यांचं पुस्तक शाळेच्या वाचनालयात नसेल तर जरूर घ्या.

घडी उलटी पडली तर?

म्हणजे बाण आणि रेषा कळल्या की झालं? तसंही नाही. हाताला जे जमतं त्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो.

वाचनालयात मी कागदाचा किमोनो शिकवला. रंगीत कागद, सुंदर गळा, मुलींनी भिंतीवर लावले. एका मुलाला घ्यायला त्याची आजी आली होती, मूळची जपानची. तिने माझा नमुना बघितला आणि हळू आवाजात विचारलं, "हे कोणी वारलेलं आहे का?"

मला काही कळेना. मग तिने समजावलं. किमोनो घालताना अंगावरची डावी बाजू नेहमी वर येते. उजवी बाजू वर फक्त मृताला नेसवताना घेतात. मी घडी उलटी घातली होती!

मला कसंतरीच झालं. पण पुढच्याच क्षणी मला आपल्याकडचं आठवलं. जानवं एरवी डाव्या खांद्यावर असतं, पण श्राद्धविधीत ते उजव्या खांद्यावर घेतात. त्याला अपसव्य म्हणतात. जगण्याची दिशा एक आणि मरणाची दुसरी, हे दोन्हीकडे आहे. मी आजींना तोडक्यामोडक्या इंग्रजीत हे सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. मग आम्ही दोघींनी मिळून सगळे किमोनो बदलले.

मराठी शाळेतही एक प्रसंग घडला. कातरकाम झाल्यावर कपटे खाली पडले होते. माझ्या भाचीचा पाय एका कागदाला लागला. तिने वाकून कागदाला हात लावला आणि कपाळाला लावला, जसं आपण करतो. तिच्या मैत्रिणीने विचारलं, "हे काय करतेस?" भाची म्हणाली, "कागद म्हणजे सरस्वती." मैत्रीण म्हणाली, "मग सरस्वतीला कात्रीने कापता कसं?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण प्रश्न खरा होता. तेव्हा सुचलं ते सांगितलं, की पाय लागतो तो लक्ष नसताना, आणि कापतो ते लक्ष देऊन. तुमच्याकडे याहून चांगलं उत्तर असेल तर मला हवं आहे.

वाचनालयातल्या पताकांचंही तसंच. मी पतंगाच्या कागदाच्या पताका कापून दाखवत होते. मेक्सिकोहून आलेल्या घरातला एक मुलगा म्हणाला, "आमच्याकडेही असतात. नोव्हेंबरमध्ये आम्ही आजोबांसाठी लावतो." त्यांच्याकडे दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो आणि तेव्हा नक्षी कापलेल्या रंगीत पताकांनी घर सजवतात. मी सांगितलं, आम्ही गणपतीसाठी लावतो. तो म्हणाला, "म्हणजे दोघंही पाहुण्यासाठी लावतो." सात-आठ वर्षांचं पोर!

मुलांना दुसऱ्या देशांबद्दल आपण बहुतेक वेळा कसं शिकवतो? हा त्यांचा पोशाख, हे त्यांचं जेवण, हा त्यांचा सण. चित्रं चिकटवली, विषय संपला. फरक मजेशीर असतातच, हसू आलं तर हसू द्या. पण हसून झाल्यावर दोन प्रश्न विचारा. ते असं का करतात? आणि आपण असंच काही करतो का? या दोन प्रश्नांशिवाय परदेश म्हणजे नुसतं प्रदर्शन.

परत कांजूरमार्ग

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पाऊस, छत्र्या, ओले बूट, सगळं तेच. पण माझं लक्ष आता वेगळ्या गोष्टींकडे जाऊ लागलं.

आमच्या वर्गात कोण कोण आहे? कांजूर गावातली मुलं आहेत, चाळीतली आहेत, जुन्या कारखान्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये ज्यांच्या आया कामाला जातात ती आहेत. कोणाचं गाव कोकणात, कोणाचं साताऱ्याकडे, कोणाचं उत्तर प्रदेशात. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "चला, कागदाची घडी घाला." तर नव्याने आलेला एक हिंदी बोलणारा मुलगा स्वतःच्या मनगटाकडे बघायला लागला. हिंदीत घडी म्हणजे घड्याळ ना! पूर्वी मी "अरे, लक्ष कुठाय तुझं?" म्हटलं असतं. या वेळी मला न्यू जर्सीतल्या वर्गासमोर गोंधळून उभी राहिलेली मी आठवले.

दुसरा प्रसंग. मी मुलांना सांगितलं, घरी कोणाला कागदाचं काय करता येतं ते विचारून या. पतंग आला, आकाशकंदील आला, वहीला घालायचं कव्हर आलं. एक मुलगा वर्गात कधी फारसा बोलत नाही. त्याचे वडील स्टेशनबाहेर चणे-शेंगदाणे विकतात. त्याने वर्तमानपत्राचा तुकडा घेतला आणि आम्ही बघतोय तोवर पुडी तयार! टोक असं दुमडलेलं की एक दाणा खाली पडणार नाही. मी तीनदा प्रयत्न केला, माझी पुडी सुटत होती. सवयीने मी त्याच्यापुढे कागद धरला, की तूच करून दे. तो म्हणाला, "बाई, तुम्ही करा. मी सांगतो."

त्या दिवशी त्याने अख्ख्या वर्गाला शिकवलं. इतकी वर्षं कार्यानुभवाच्या तासाला मी जपानी बगळे शिकवत होते, आणि स्टेशनबाहेरची पुडी मला हस्तकला वाटली नव्हती. परदेश बघायला विमान लागतं खरं, पण नजर बदलली की तो कांजूरमार्ग स्टेशनबाहेरही दिसतो.

माझं म्हणणं

आता थेट सांगते. शिक्षकांनो, कार्यानुभवाचा तास आपण पटकन गणिताला देऊन टाकतो, किंवा शोभेच्या वस्तू करण्यात घालवतो. तसं करू नका. त्या तासात मुलं स्वतःच्या हाताने चुकतात, आणि ती चूक त्यांची त्यांना दिसते. वहीतल्या गणितात चूक आपण लाल शाईने दाखवतो. घडीतली चूक कागदच दाखवतो.

मी माझ्या वर्गात तीन नियम केले आहेत. एक, माझ्या हातात माझा कागद, मुलाच्या हातात मुलाचा. दाखवायचं ते माझ्या कागदावर. दुसरा, अडलं तर आधी शेजाऱ्याला विचारायचं, मग मला. तिसरा, मी विचारणार, "मदत हवी का?" आणि उत्तर 'नाही' आलं तर वाट बघणार. हा तिसरा नियम सगळ्यात अवघड आहे. चाळीस मुलं, पस्तीस मिनिटं, आणि वाट बघायची! सगळ्यांची वस्तू त्या तासात पूर्ण होत नाही, हे खरं आहे. मी ते मान्य केलं आहे.

आणि पालकांनो, तुम्हालाही एक सांगायचंय. रात्री साडेदहाला मुलाचा प्रकल्प तुम्ही करता, हे आम्हाला कळतं. कातरण्यावरून कळतं, चिकटवण्यावरून कळतं. यात दोष एकट्या तुमचा नाही. आम्हीच सुबक प्रकल्पांना जास्त गुण देतो आणि तिरके प्रकल्प प्रदर्शनात मागे ठेवतो. मुलांना त्यातून एवढंच कळतं की आपल्या हाताचं काम दाखवण्यासारखं नसतं. मी या वर्षी उलट केलं. फळ्याशेजारी फक्त मुलांनी पूर्णपणे स्वतः केलेल्या वस्तू लावल्या, मागे नाव आणि तारीख. भिंत काही सुंदर दिसत नाही. पालकसभेला एका आईने विचारलं, "बाई, यातलं नीट केलेलं कुठलं आहे?" मी म्हटलं, "सगळंच."

तिथून येताना मी बहिणीकडून साध्या अमेरिकन कागदाचे वीस-पंचवीस ताव मागून आणले. गेल्या आठवड्यात अर्ध्या वर्गाला ते दिले, अर्ध्या वर्गाला आपला ए-फोर. काही सांगितलं नाही. सगळ्यांनी आजोबांची टोपी केली, नातवाची टोपी केली. थोड्या वेळाने मधल्या रांगेतून आवाज आला, "बाई, माझ्या टोपीची पट्टी चुकली."

माझा हात पुढे जात होता. मी तो मागे घेतला आणि म्हटलं, "शेजारची बघ. दोघं मिळून शोधा, का चुकली ते."

पट्टी आणि पेन्सिल घेऊन दोघं कागद मोजत बसले होते. तास संपला तरी उठले नाहीत.